बेचाळीस इंची खाट

पहिली खाट दारात अडकली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि दवाखान्याचा मेस्त्री व्हरांड्यात चहा फुंकत उभा होता. स्वारी खुशीत होती. का नसावी? जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जायचा दिवस होता, आणि नव्या इमारतीतली प्रत्येक खुंटी त्याने स्वतःच्या हाताने ठोकली होती.

"ढकल की रे!" आतून एक वॉर्डबॉय ओरडला.

"ढकलतोय की! जातच नाही पुढे!" बाहेरून दुसरा ओरडला.

मेस्त्री कप कठड्यावर ठेवून धावला. खाट तिरकी झाली असेल, चाक मुडपलं असेल, असं काहीतरी. पण नाही. खाट सरळच होती, चाकंही ठीक होती, आणि खाटेच्या दोन्ही कडा चौकटीला टेकल्या होत्या. बाटलीच्या तोंडाशी मोठं बूच अडून बसावं तशी ती बसली होती. वर पायाला वजनं टांगलेली एक आजी पडली होती, ती म्हणाली, "काय रे मेस्त्री, मला आत घेताय की परत पाठवताय? एकदा काय ते ठरवा."

आता हे प्रकरण किती मोठं होतं ते आधी सांगायला हवं.

हा दवाखाना सिस्टर लोकांचा. गावात ज्याला म्हणून बेंबी आहे त्याची नाळ तिथेच कापलेली. दारात आलेल्याला आधी पाणी, मग स्ट्रेचर, आणि मग नाव विचारायचं, अशी तिथली रीत. तू कुठला देव मानतोस हा प्रश्न तर त्यांच्या फॉर्मवरच नव्हता. स्वतः मेस्त्री प्रार्थनेला कधी गेला नाही. प्रार्थनागृहात जायचा तो फक्त बाक दुरुस्त करायला. पण कोणी दवाखान्याला नावं ठेवली तर त्याच्या अंगावर धावून जायचा.

जुन्या इमारतीखालची जमीन खचली आणि भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. सरकारी हुकूम आला, आज संध्याकाळी सहाच्या आत इमारत रिकामी करा, मग तिला सील लागेल. नवी इमारत तयार होती, पण तिची तपासणी आज पाचला. त्यात पास झालं तर ठीक, नाहीतर एक्केचाळीस रुग्ण गाड्यांत घालून तीन तासांवरच्या मोठ्या शहरात, आणि इथे टाळं. नवी परवानगी मग कधी मिळेल ते देवालाही सांगता आलं नसतं. हे सिस्टर लोकांच्या प्रमुख, खुद्द मदरनीच सांगितलं होतं, आणि त्यांची तर देवाशी रोजची बोलचाल.

तपासणीत एक कलम होतं. आग लागली तर रुग्ण खाटेसकट बाहेर निघाला पाहिजे. म्हणजे प्रत्येक दारातून खाट गेलीच पाहिजे. आणि इथे पहिल्याच दारात पहिलीच खाट रुतून बसली होती.

मेस्त्रीने खिशातली टेप काढली. दार एक्केचाळीस इंच. खाट बेचाळीस. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोजायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण चूक कुठे झाली ते त्याला कळलं होतं.

या खाटा बाजारच्या नव्हत्या. बाजारची खाट छत्तीस इंच. ह्या ब्रदरनी बनवलेल्या. ब्रदर म्हणजे दवाखान्याचे जुने सुतार, सिस्टर लोकांसारखेच देवाला वाहिलेले, दहा वर्षांपूर्वी गेले. ते म्हणायचे, आजाऱ्याला औषध लागतं तसा उशाशी बसणारा माणूस लागतो, आणि त्याला टेकायला सहा इंच लागतात. म्हणून बेचाळीस. सगळ्या खाटा शिसवी लाकडाच्या, एकही खिळा नाही, नुसते सांध्यात सांधे. सुट्ट्या करायची सोयच नाही.

ब्रदरची एक सहा फुटी लाकडी पट्टी होती. तिचे सुरुवातीचे दोन इंच कधीतरी तुटले. टाकून द्या म्हटलं तर ब्रदर म्हणाले, "बाकीच्या सत्तर इंचांनी काय पाप केलंय?" मग कार्यशाळेत नियमच झाला, पट्टी जे सांगेल त्यातून दोन वजा करायचे. मेस्त्री पंधराव्या वर्षी तिथे शिकायला लागला. तीस वर्षं तो दोन वजा करत आला. झोपेतही केले असते.

आणि दीड वर्षांपूर्वी नव्या इमारतीची इंजिनियरबाई नवी कोरी पोलादी टेप घेऊन आली, एक टोक मेस्त्रीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "खाटेची रुंदी सांगा." टेपवर होतं बेचाळीस. मेस्त्रीच्या तोंडातून निघालं चाळीस. तिने चाळीस लिहिलं. भिंतीत जागेची ओढाताण होती, म्हणून वर इंचभर मोकळीक ठेवली आणि एक्केचाळीसची बावीस दारं काढली. नंतर चाचणी घेतली ती स्ट्रेचरवर, कारण खाटांवर माणसं झोपलेली होती. स्ट्रेचर आपलं सुळकन गेलं.

"मॅडम, हे काय करून ठेवलंत?" दवाखान्याचा मॅनेजर इंजिनियरबाईवर कडाडला. ती पोर तिथेच उभी होती, तिची ही पहिलीच इमारत. वही चाळत होती. "चाळीसच लिहिलंय," ती पुटपुटली, "माझंच काहीतरी चुकलं असणार."

मेस्त्रीच्या घशाशी शब्द आले. माप मी दिलं. तीनच तर शब्द! पण तेवढ्यात मदर आल्या. साठी उलटलेल्या, बुटक्या, चालायला लागल्या की वॉर्डबॉय बाजूला होत. त्यांनी खाट बघितली, दार बघितलं आणि हात वर केला.

"कोणाची चूक ते संध्याकाळी सहानंतर. तोवर त्यावर एक शब्द नको. आत्ता फक्त उपाय बोला."

मेस्त्रीने शब्द गिळले. सुटलो असं वाटलं, आणि सुटलो असं वाटल्याची लाजही वाटली.

"खाटा कापा," मॅनेजर म्हणाला. "दोन दोन इंच. हाय काय नि नाय काय!"

"खाट कापली की सांधे सुटले," मेस्त्री म्हणाला. "मग ती खाट राहत नाही, सरपण होतं. रुग्ण कुशीवर वळला की खाली." तो चौकटीवरून हात फिरवत होता. "मदर, चौकटीचे खांब चार चार इंच जाड आहेत. आतून एकेक इंच उतरवला तर दार त्रेचाळीस होतं. भिंतीला हात लावायला नको."

"आणि दाराच्या झडपा?"

"त्या अपुऱ्या पडतील. आज काढून ठेवू, पडदे लावू. आठवड्यात नव्या करून देतो."

"कलमात खाट आहे, झडपेचं काही नाही," मदर म्हणाल्या. त्यांना नियम तोंडपाठ. "किती वेळ?"

"बावीस दारं, चव्वेचाळीस खांब. एकट्याला महिना लागेल."

"आणि संध्याकाळी पाचपर्यंत करायचं तर किती सुतार?"

"वीस."

"मग आणा वीस."

गावात मोजून वीसच सुतार, आणि त्यातले बारा फर्निचरच्या शोरूमवाल्याकडे कामाला. शोरूमवाला आणि मेस्त्री, दोघे ब्रदरच्या हाताखाली एकाच बाकावर शिकलेले. ब्रदर गेले, कार्यशाळा मेस्त्रीला मिळाली, आणि शोरूमवाल्याने त्या दिवसापासून तोंड फिरवलं. दहा वर्षं. एकाच रस्त्यावर राहून दहा वर्षं! समोरून आला तर एकाने फूटपाथ बदलायचा, हे दोघांच्या पायांना पाठ झालं होतं.

"मेस्त्री," मदर म्हणाल्या, "तुमचं भांडण मला माहीत आहे. माझ्याकडे एक्केचाळीस माणसं आहेत."

गेला बिचारा. नाक मुठीत धरून गेला.

शोरूमवाला काउंटरमागे बसला होता. गळ्यात चष्मा, पोट सुटलेलं. मेस्त्रीला दारात बघून तो उठलाच नाही. "वाट चुकलास?"

"चुकलो," मेस्त्री म्हणाला. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खाट, दार, तपासणी, पाच वाजता. मापाचं तेवढं सांगितलं नाही. "दार एक्केचाळीसच निघालंय," एवढंच म्हणाला.

शोरूमवाल्याने डोळे बारीक केले. "एक्केचाळीस? म्हणजे इंच मोकळीक धरून. म्हणजे माप चाळीस सांगितलं कोणीतरी." आणि त्याने काउंटरवर जोरात हात आपटला. "अरे गाढवा! तू दोन वजा केलेस!"

मेस्त्रीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आता हा गावभर करणार.

पण शोरूमवाला हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी अजून करतो रे! अजून! शोरूम उघडली त्या वर्षी पहिलं कपाट विकलं एका शिक्षकाला. घरी नेलं, कोनाड्यात बसवलं, तर दोन्हीकडून उंदीर आरामात फिरतील एवढी फट. बायको म्हणाली, डोकं तपासून घ्या. कोणाला सांगणार? हे दुःख कळणारा जगात एकच माणूस, आणि त्याच्याशी माझं बोलणं बंद!" त्याने डोळे पुसले आणि आतल्या बाजूला तोंड करून गर्जला, "सगळी कामं बंद! रंधे, पटाश्या, करवती, जे आहे ते टेम्पोत टाका!"

"उपकार झाले," मेस्त्री म्हणाला.

"उपकार गेले खड्ड्यात. माझ्या दोन्ही पोरी त्या खाटांवर जन्मल्यात. चल, बस पुढे."

साडेनऊला टेम्पो आला तेव्हा दवाखान्याच्या आवारात वेगळाच देखावा. मदरनी प्रार्थनागृह उघडलं होतं. त्याचं दार दोन झडपांचं, हत्ती जाईल एवढं. बाक अंगणात काढून ठेवले होते आणि ज्यांना खाटेवरून हलवता येत नव्हतं असे अकरा रुग्ण खाटेसकट आत नेले होते, थेट वेदीसमोर. बाकीचे भिंतीकडेला गाद्यांवर. आजी पहिल्या रांगेत. "एवढ्या जवळून देव कधी बघितला नव्हता," ती तिथे आलेल्या फादरना म्हणाली. "बोलावून घेतलंय की काय मला? तसं असेल तर सांगा, दात घरी राहिलेत."

आणि माणसं येत होती. सुतार तर आलेच, शिवाय बोटी बांधणारे दोघे बाप-लेक आले, ज्यांचा रंधा हातभर लांब. शवपेट्या बनवणारा आला. त्याला बघून शोरूमवाला म्हणाला, "तू कशाला? इथलं काम बिघडलं तरच तुझं चालतं!" त्यावर तो शांतपणे बाह्या सरसावत म्हणाला, "आयुष्यात एकदा तरी माणसाला दारातून आत घ्यायचं काम करतो." शिंपी मशीन घेऊन आला आणि व्हरांड्यात पडदे शिवायला बसला. गाडी धुणारे, शाळेतल्या बाई, रिक्षावाले, ज्यांना रंधा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं ते सगळे आले. मेस्त्रीच्या बायकोने त्यांना हाताशी धरून वॉर्डांमधून ओल्या चादरी टांगल्या, म्हणजे भुसा आत उडणार नाही. ती दवाखान्यात आया होती आणि मोठमोठ्या डॉक्टरांनाही चपला बाहेर काढायला लावायची.

मेस्त्रीने प्रत्येक खांबावर पेन्सिलीने रेघ मारली, एक इंच, केसभरही कमी-जास्त नाही. शोरूमवाला मागून येऊन प्रत्येक रेघ तपासत होता. "तुझ्यावर आज माझा विश्वास नाही," तो म्हणाला. "आणि माझ्यावर तू ठेवू नकोस." आधी करवतीने उभ्या खाचा, मग पटाशीने ढलप्या उडवायच्या, मग रंधा. खट खट खट आणि सर्र सर्र, सगळी इमारत बोलत होती. बारा वाजता नऊ दारं झाली. दोन वाजता चौदा. भाकरतुकडा कोणी बसून खाल्ला नाही.

फक्त एक गोष्ट मेस्त्रीला खात होती. लोक काम करता करता इंजिनियरबाईला शिव्या घालत होते. "शिकलेली म्हणे! साधं माप घेता येत नाही!" "एसीत बसून दारं काढली की असंच होणार!" आणि ती पोर तिथेच, केसांत भुसा, टोपल्या उचलत होती. एकदाही वर बघत नव्हती. मेस्त्रीचा रंधा दोनदा वेडावाकडा गेला. बोलावंसं वाटायचं आणि तो पुन्हा रंधा चालवायला लागायचा. तीस वर्षांत दवाखान्यात त्याला कोणी 'चुकलास' म्हटलं नव्हतं. आणि सगळे मेस्त्रीच्या शब्दावर राबत होते; आत्ता सांगितलं आणि हात थांबले तर? असं तो स्वतःला समजावत होता. खरं कारण भीती, दुसरं काही नाही.

तपासणीच्या बाई साडेचारलाच आल्या. उंच, इस्त्रीची साडी, हातात फाईल. त्यांनी भुशाने भरलेला व्हरांडा बघितला आणि भुवया वर गेल्या.

"हे बांधकाम चालू आहे की दवाखाना?"

"दोन्ही," मदर म्हणाल्या. "तुमची वेळ पाचची होती. या, पाणी घ्या."

पाचला दहा कमी होते तेव्हा एकवीस दारं झाली होती. राहिलं शेवटचं, मोठ्या वॉर्डमधून बाहेर पडायचं दार, आणि त्याच्या डाव्या खांबात निघाली गाठ. लाकडातली गाठ, दगडासारखी. पटाशी मारली की उसळून परत यायची. एक पटाशी तुटली. मेस्त्रीच्या मनगटात आता जीव नव्हता. शोरूमवाला शेजारी येऊन उकिडवा बसला. "तू पटाशी धर, मी मारतो. आठवतं ना?" लहानपणी दोघे असंच करायचे. मेस्त्रीने पटाशी धरली. शोरूमवाल्याने हातोडी उचलली. एक, दोन, सात, बारा, आणि गाठ कडकन फुटून बाहेर उडाली. बोटी बांधणाऱ्या बापाने वरून लांब रंधा फिरवला. पाचला एक मिनिट.

"खाट आणा," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "रुग्णासकट. शेवटच्या खोलीतून बाहेरच्या अंगणापर्यंत. कुठेही अडता कामा नये, घासता कामा नये."

"मला घ्या," आजी ओरडली. "सकाळी मीच अडकले होते. पुरी करा माझी फेरी."

प्रार्थनागृहातून तिची खाट मागच्या दाराने शेवटच्या खोलीत आणली. दिवसभर रुग्ण हलवून वॉर्डबॉय थकले होते. म्हणून एका बाजूला मेस्त्री लागला, दुसऱ्या बाजूला शोरूमवाला. पायाकडे शवपेटीवाला, आजीने त्याला बघून डोळे मिटले आणि म्हणाली, "तू जरा लांबून ढकल बाबा." हसायचं धैर्य कोणाला नव्हतं. तपासणीच्या बाईंनी घड्याळ बघितलं. खाट निघाली.

पहिलं दार. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. गेली. दुसरं. तिसऱ्याला वळण होतं, चाक थोडं करकरलं, गेली. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना माणसं भिंतीला पाठ लावून उभी, श्वास रोखून. चौथं, पाचवं, सहावं. सातवं ते गाठीचं. मेस्त्रीने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच त्याला चेहऱ्यावर ऊन लागल्याचं कळलं. खाट बाहेर अंगणात उभी होती.

तपासणीच्या बाई परत गेल्या, प्रत्येक चौकटीवरून बोट फिरवत आल्या. कुठे ओरखडा नव्हता. त्यांनी फाईल खाटेच्या कडेवरच ठेवली, आजीच्या पायाशी, आणि सही केली. "दवाखाना चालू राहील," त्या म्हणाल्या.

काय आवाज उठला म्हणून सांगू! करवती हवेत, टोप्या हवेत, शिंप्याची कात्री हवेत, ती मात्र सगळ्यांनी चुकवली. सिस्टर एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मॅनेजर, तो खडूस मॅनेजर, वॉर्डबॉयच्या गळ्यात पडला होता. जुन्या इमारतीला सील लावायला आलेले दोन सरकारी शिपाईसुद्धा टाळ्या वाजवत होते.

आणि त्या गलक्यात कोणीतरी ओरडलं, "इंजिनियरबाईला आता एक टेप घेऊन द्या रे!" सगळे हसले. ती पोर टोपली घेऊन मागे सरकली.

आता मात्र मेस्त्रीला राहवेना. तो अंगणातल्या बाकावर चढला. "गप्प बसा!" तो असा ओरडला की खरंच सगळे गप्प बसले. "तिची चूक नाही. माप मी दिलं. माझ्या हातात टेप होती, टेपवर बेचाळीस होतं आणि मी चाळीस सांगितलं. सकाळपासून मला माहीत होतं आणि मी भ्यालो. तुम्हाला आठ तास राबवलं ते मी. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

बायको डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होती. इंजिनियरबाईच्या हातातली टोपली खाली पडली, आणि ती रडायला लागली, दिवसभरात पहिल्यांदा. मेस्त्रीने मान खाली घातली. आता तीस वर्षांचं नाव धुळीला मिळणार, मिळू दे.

शवपेटीवाला कपाळावरचा घाम पुसत पुढे आला. "बरं झालं चुकलास," तो म्हणाला.

"काय?"

"बरं झालं चुकलास म्हटलं. माझी आई इथे बरी झाली, मी इथे जन्मलो, पोरगा इथे जन्मला. आजवर आम्ही फक्त घेत आलो. तू बरोबर माप दिलं असतंस तर आम्हाला कोणी बोलावलंच नसतं."

"खरंय की!" शिंपी ओरडला. मग बोटवाले, मग रिक्षावाले, मग सगळेच, आणि मघापेक्षा दुप्पट आवाज उठला. शोरूमवाल्याने मेस्त्रीला बाकावरून खाली ओढला आणि घट्ट धरला. एवढा बाप्या माणूस, मेस्त्री, त्या पोटावर डोकं ठेवून सगळ्या गावासमोर हमसून हमसून रडला, आणि त्याला अजिबात लाज वाटली नाही. मान वर करून त्याने आधी इंजिनियरबाईपुढे हात जोडले. तिने ते हात धरले आणि म्हणाली, "काका, पुढची इमारत पण तुमच्याबरोबरच करायची आहे मला. फक्त माप दोघांनी वाचू."

तेवढ्यात मदर आल्या. त्यांचे डोळेही ओले होते, पण आवाज नेहमीचाच. "सगळं छान झालं. पण चाळीस माणसं अजून प्रार्थनागृहात आहेत, आजी अंगणात आहे, आणि व्हरांड्यात घोट्याइतका भुसा आहे. रडून झालं असेल तर झाडू घ्या."

आणि सगळ्या गावाने झाडू घेतले.